सातव्या खुणेवरची सुई

सातव्या खुणेवर दहा मिनिटांत आठ जातींचे एकोणीस पक्षी होते. रानकबुतरं चार, सुतार एक, कस्तूर दोन, माशीमार दोन, बुलबुल पाच, डोमकावळा एक, वटवट्या एक आणि सुई तीन. एक खारही होती, पण खारी मोजायचं काम दुसऱ्या गटाकडे होतं.

तीन सुयांपैकी एक धुक्यात लांब कुठेतरी होती, एक उताराच्या खाली. तिसरी माझ्या पाठीमागे, म्हणजे काकांच्या टोपीच्या जरा वर. आवाजावरून मला वाटलं, त्यांनी हात उंचावला असता तर ती फांदी हाताला लागली असती.

आम्ही एकमेकांच्या पाठीला पाठ करून उभे होतो. मोजणीची पद्धतच तशी होती. दोन माणसांनी एकाच जागी, एकाच वेळी, वेगवेगळं मोजायचं. एकाची पेन्सिल हललेली दुसऱ्याला दिसता कामा नये. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. संध्याकाळी खाली सर्वेक्षण केंद्रावर आलं की आपापला कागद फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डब्याची किल्ली केंद्रप्रमुख मॅडमकडे. हंगाम संपला की त्या डबा उघडणार, दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडणार, आणि कुणाकडून किती पक्षी सुटतात ते काढणार. हा दोन माणसांचा प्रकार या वर्षीच सुरू झाला होता. एरवी ही वरची वाट काका एकटेच चालत.

माझं घड्याळ वाजलं. पाठोपाठ काकांच्या मनगटावरचंही वाजलं. दोन्ही घड्याळं केंद्राची, एकाच खोक्यातून आलेली. मी कागदावर चिमटा लावला. मागे काकांची पेन्सिल चालूच होती. त्यांचं घड्याळ वाजत राहिलं आणि आपणहून थांबलं. जरा वेळानं बाहीची सळसळ झाली.

"चला, झाली वेळ," काका म्हणाले. "काय शास्त्रज्ञबाई, पाय जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग उचला. बूट नवे दिसतायत. डोंगराला ओळख पटायला वेळ लागेल त्यांची."

पुढच्या खुणेकडे जाताना ते वळणावर थांबले. "आकडा नाही सांगत हं, नियम मोडत नाही. जुनी गोष्ट सांगतो. ही सातवी खूण म्हणजे सुईचं माहेर. एका वेळी पाच-पाच ऐकल्यात मी इथं." त्यांनी काठीनं एका खोडावरचं शेवाळ हलकेच दाबून पाहिलं. "झाड तेच, शेवाळ तेच. घर शाबूत आहे, राहणारी गेली."

ते हे बोलत होते तेव्हा डावीकडच्या झाडात एक सुई ओरडत होती.

सुईचं शास्त्रीय नाव दोन ओळी खाईल इतकं लांब आहे. सर्वेक्षणातली सगळी माणसं तिला सुईच म्हणतात. वजन सहा ग्रॅम. रंग शेवाळासारखा, त्यामुळे दिसते फार क्वचित. ती असते ती आवाजात. तो आवाज इतका बारीक की पहिल्यांदा ऐकताना आपल्याच कानात काहीतरी झालंय असं वाटतं. वरच्या उतारावरची तिची पहिली नोंद काकांची. तेव्हा ते सर्वेक्षणात तंबू आणि दोर वाहायला होते. पुढे पक्षी मोजायला लागले आणि तेच करत राहिले. केंद्रातले लोक त्यांना कानसेन म्हणतात. गळ्यात दुर्बीण असते, पण जीपवाला म्हणतो, ती नुसती दागिना म्हणून. काका पक्षी कानानंच मोजतात.

मला सुई त्यांनीच शिकवली होती. इतर पक्ष्यांचे आवाज ते तोंडानं काढतात, सुईचा काढता येत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे औषधाची एक जुनी बाटली आणि बूच आहे. बूच ओलं करून काचेवरून अलगद ओढलं की नेमका तो आवाज येतो. केंद्राच्या व्हरांड्यात त्यांनी तो मला पुन्हा पुन्हा ऐकवला होता. "आता डोळे मीट. आता सांग, कधी वाजली?" मी सांगत गेले. ते मान डोलवत गेले.

मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहत होते. त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि मोजणी बंद पडली. काकांच्या मुलीनं तिची छोटी इथे आणून सोडली होती, आणि छोटीला ताप होता. मी चहाला खाली आले तर काका पलंगावर तिला मांडीत घेऊन बसले होते. तिच्या काखेत थर्मामीटर. काकू मोरीपाशी बटाटे धूत होत्या.

थर्मामीटर वाजला. काका छोटीला कसलीशी गोष्ट सांगत होते, ती चालू राहिली. थर्मामीटर पुन्हा वाजला.

"अहो, वाजलं ते!" काकू ओरडल्या.

"काय वाजलं?"

"काय वाजलं म्हणे! ताप बघताय की पोरीला अंडं उबवायला बसवलंय?"

"वाजलं असतं तर ऐकलं असतं मी."

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ गं बाई. डोंगरात पाखरू शिंकलं तर यांना खाली ऐकू येतं. घरातलं म्हणशील तर शून्य." मग पुन्हा बटाट्यांकडे तोंड करून, स्वतःशीच बोलावं तसं पुटपुटल्या, "आता चहा मागतील."

"चहा नको, पाणी दे," काका म्हणाले.

मला हे विचित्र वाटलं. पाण्याच्या आवाजातलं पुटपुटणं ऐकू येतं, आणि काखेतला थर्मामीटर नाही. छोटीचा ताप बघायच्या निमित्तानं मी थर्मामीटर मागून घेतला. काकांच्या खांद्यामागे उभं राहून तो बंद केला, चालू केला. वाजला. छोटीनं मान वर केली. काकांनी केली नाही. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केल्यावर छोटी खिदळली आणि काकांनी तिला विचारलं, "काय झालं गं हसायला?"

"किती आहे?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"ताप गं!"

"उतरलाय," मी म्हणाले. खरंच उतरला होता.

वर खोलीत जाऊन मी जे माहीत होतं ते एकाखाली एक लिहून काढलं. माणसाचं बोलणं साधारण कुठल्या पट्टीत असतं, घड्याळ आणि थर्मामीटर कुठल्या, आणि सुई कुठल्या. वय वाढतं तसा कान वरच्या बाजूनं झिजतो. म्हणजे सगळ्यात बारीक आवाज आधी जातात. माणसाला याचा पत्ता लागत नाही, कारण जे ऐकू येत नाही ते नाहीच असं तो धरून चालतो. घरात काही अडत नाही. बाजारात अडत नाही. सुई मोजायची नसती तर काकांचं कुठेच अडलं नसतं.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर सुईचा आलेख लावलेला होता. डोंगरात मोजणीच्या पाच वाटा आहेत. चार वाटांच्या रेघा थोड्या वर-खाली होत सरळ जात होत्या. वरच्या वाटेची रेघ सात वर्षांपूर्वी घसरायला लागली होती आणि शेवटची दोन वर्षं तळाला टेकली होती. मॅडमच्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: वरच्या उतारावरून सुई नाहीशी झाली आहे. हंगामाअखेर अहवाल गेला की त्या वाक्याच्या आधारावर नकाशावरची राखीव पट्ट्याची हद्द खाली सरकणार होती. जिथे सुई नाही, तो उतार राखून काय करायचा? वाक्य लिहिण्याआधी मॅडमनी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले होते, "लिहा. मी तरी किती वाट बघू?"

हे मला मॅडमनीच सांगितलं. पुढे म्हणाल्या, "दोन दिवस जेवले नाहीत म्हणे घरी. काकू सांगत होत्या."

म्हणजे आता एवढंच व्हायचं राहिलं होतं. हंगाम संपेल, डबा उघडेल, मॅडम भिंतीवर तक्ता दाखवतील. सगळे बसलेले असतील, जीपवालासुद्धा. सुईच्या ओळीत पहिल्या निरीक्षकापुढे शून्य असेल आणि दुसऱ्यापुढे माझा आकडा.

वाटेत मी एकदा विषय काढून पाहिला. "काका, आपण सगळ्यांनीच कानांची तपासणी करून घ्यायला हवी, नाही?"

"का? तुला कमी येतं का?"

"नाही, तसं नाही. आपलं कामच कानांचं आहे म्हणून."

"मग घे की करून. या वयात लाजायचं कशाला त्यात?" आणि पुढे बराच वेळ ते माझ्याशी जरा मोठ्यानं बोलत होते.

पाऊस थांबल्यावरची पहिली सकाळ स्वच्छ निघाली. सातव्या खुणेवरचा पिवळा रंग दिलेला दगड धुऊन चकचकीत झाला होता. आम्ही पाठीला पाठ करून उभे राहिलो. सुरुवातीलाच काकांच्या बाजूनं सुई लागली, जवळून, आणि थांबेचना. मी लिहिलं: सुई, एक, ऐकून. प्रत्येक नोंदीपुढे तेवढं लिहावं लागतं. ऐकून की पाहून.

मग मागे दुर्बिणीचा पट्टा सरकल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही. पेन्सिलही नाही.

"शास्त्रज्ञबाई."

"काका, मोजणी चालू आहे."

"असू दे. ही बाद. वळ इकडे."

मी वळले. समोरच्या फांदीवर, डोळ्यांच्या उंचीला, शेवाळाचा एक गोळा होता आणि त्याला चोच होती. दुर्बिणीशिवायही दिसत होती. काकांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

"चोच बघ तिची."

चोच उघडत होती, मिटत होती. गळ्याखालची पिसं थरथरत होती.

"गातेय?" काकांनी विचारलं.

"हो."

"आत्ता?"

"आत्ता."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, काका."

त्यांनी टोपी काढली. ती कानांवरून खाली ओढलेली असायची. टोपी खिशात कोंबून ते पुन्हा उभे राहिले, मान किंचित वाकडी करून. चोच उघडत होती. एका कानामागे त्यांनी तळहात धरला. मग दुसऱ्या.

"थांबली," मी म्हणाले. "आता परत लागली."

"ते दिसतंय मला."

ती उडून गेली. काका दगडावर बसले. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. ती आधीही नीट बांधलेलीच होती.

"तुला कधीपासून ऐकू येतेय?"

"पहिल्या दिवसापासून."

"इथं किती?"

"तीन. एकदा चार होत्या."

"आणि तू बोलली नाहीस."

"नियम आहे ना."

"नियम कुणाचा?"

"तुमचा. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, बोललं की मोजणी बाद."

"हं." त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बघितली. "बरा केलाय नियम."

मला वाटलं, आता खाली उतरायचं म्हणतील. ते बराच वेळ त्या रिकाम्या फांदीकडे बघत होते. "म्हणजे आहे," ते म्हणाले. "गेलेली नाही." मग परत, माझ्याकडे न बघता, "आहे की. इथंच आहे, सगळं बिऱ्हाड घेऊन." आणि हसले. मी त्यांना डोंगरात हसताना खूपदा पाहिलं होतं, असं नाही.

मग पेन्सिल काढून त्यांनी सातव्या खुणेच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: निरीक्षकांनी संभाषण केल्यामुळे बाद. माझ्याकडूनही तेच लिहून घेतलं.

"चल. आठव्या खुणेवर तोंड उघडायचं नाही."

केंद्रावर आल्यावर ते हात-पाय न धुता सरळ मॅडमच्या खोलीत गेले, आणि मलाही बोलावलं. उभ्याउभ्याच सांगितलं. "मॅडम, ते वाक्य काढा. सुई आहे. माझा कान गेलाय."

मॅडमनी संगणकाचं झाकण अर्धं लावलं. "बसा आधी."

"बसतो. काढा तुम्ही."

मॅडमनी झाकण पुन्हा उघडलं, वाक्य शोधलं, काढून टाकलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. मग खुर्चीत मागे टेकल्या. बाई कामात कडक आहेत, पण वाईट नाहीत.

"मग वरच्या वाटेचे मागच्या सात वर्षांचे आकडे गाळावे लागतील," त्या म्हणाल्या.

"सुईचे."

"सगळ्यांचे. छत्तीस जाती आहेत त्या वाटेवर. कुठली तुम्हाला ऐकू येते, कुठली अर्धवट येते, कुठली नाही, ते मी कसं सांगू?"

"रानकबुतर मला तुमच्याआधी ऐकू येतं."

"मला पटतं हो. कागदावर कसं दाखवू?"

सात वर्षं म्हणजे काका किती वेळा ती चढण चढले असतील याचा मी हिशेब करायला लागले आणि सोडून दिला. खिडकीबाहेर जीपवाला टायरवर पाणी मारत होता. मॅडम पेनाचं टोपण काढून लावत होत्या.

"तराजूत खोट निघाली," काका म्हणाले, "तर दुकानदार काय करतो? खोट किती आहे ते बघतो. पहिल्यापासून केलेली सगळी वजनं नाल्यात नाही टाकत."

"म्हणजे काय करायचं?"

"मला मोजा."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, हे होऊ शकतं. दोन माणसांची पद्धत त्यासाठीच आहे. काका आणि मी हंगामभर अशाच मोजण्या करायच्या. मग एकेका जातीसाठी दोघांचे आकडे ताडून बघायचे. जिथे जुळतात त्या जातीसाठी काकांचा कान चांगला आहे, तिचे मागचे आकडे ठेवायचे. जिथे जुळत नाहीत ती गाळायची.

"सुईचे मागचे आकडे मात्र वाचणार नाहीत," मी म्हणाले. "कान कुठल्या वर्षी किती गेला ते आता कळायला मार्ग नाही."

"नकोतच ते," काका म्हणाले. "ती सुईची मोजणी नव्हतीच. माझीच होती."

मॅडमनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय ना, काय म्हणताय ते? हंगाम संपेपर्यंत रोज वर जायचं. ती समोर बसलीय हे माहीत असताना रोज तिच्यापुढे शून्य लिहायचं. एकही अंदाजानं लिहायची नाही. लिहिलीत तर सगळंच वाया."

"शून्य लिहायची सवय आहे मला," काका म्हणाले. "आणि अंदाजानं लिहायचं असतं तर घरी बसून लिहिलं असतं. गुडघे तरी वाचले असते."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी वाट हिची." त्यांनी माझ्याकडे हनुवटीनं दाखवलं. "तोवर हिचे बूटही जुने होतील."

मॅडमनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. शहरातल्या दवाखान्यात काकूही बरोबर आल्या, हट्टानं. काकांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोळे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. सुरुवातीला बटण सारखं दाबलं जात होतं. मग थांबत थांबत. मग काका नुसते बसून राहिले, बटणावर अंगठा ठेवून, ताठ, समोर बघत. तपासणारी मुलगी यंत्राची मूठ फिरवत होती.

"झोपले की काय?" काकू म्हणाल्या.

"नाही हो. वाट बघतायत." मुलीनं आणखी एक मूठ फिरवली. "बाकीची माणसं इथवर आली की घाबरतात, उगीच अंदाजानं दाबत सुटतात. यांनी एकदाही खोटं दाबलं नाही."

बाहेर आल्यावर तिनं कागद दाखवला. अर्ध्यापर्यंत रेघ सपाट, मग कड्यावरून दगड पडावा तशी खाली. "घरच्यांचं बोलणं ऐकू येतं ना?"

"गरजेपेक्षा जास्त," काका म्हणाले. काकूंनी त्यांना कोपर मारलं.

"मग यंत्र लावायची घाई नाही. लावलं तरी इतक्या बारीक आवाजाला त्याचा उपयोग नाही. रोजच्या कामाला काही अडणार नाही तुमचं. काम काय करता?"

काकांनी टोपी घातली. "मोजणी," ते म्हणाले.

जीपमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मुद्दाम करतात. मी काहीबाही बोलायचे."

"ते ऐकलंय मी," काका पुढच्या सीटवरून म्हणाले.

हंगामाच्या उरलेल्या दिवसांत आम्ही वरची वाट पुन्हा पुन्हा चाललो. खुणेवर जायचं, घामेजलेल्या पाठीला पाठ करायची, घड्याळ लावायचं. वेळ संपून माझं घड्याळ वाजायचं तेव्हा काका स्वतःच्या घड्याळाकडे बघत असायचे, त्यामुळे आता आम्ही एकदमच थांबत होतो. बाकी पक्षी आले की मागे त्यांची पेन्सिल चालायची. सुतारानं खोडावर पहिला ठोका दिला की माझ्याआधी चालायची. सुई लागली की शांतता.

"सगळ्यात अवघड काय माहीत आहे?" एकदा उतरताना ते म्हणाले. "झाड ओळखीचं असतं. फांदीसुद्धा माहीत असते. हात शिवशिवतो. लिहिली तर कोण बघणार आहे?"

"मग?"

"मग काय? खिशात घालतो हात."

हंगाम संपत आला होता तेव्हा सातव्या खुणेवर सुई गात असताना माझ्या पाठीमागे पेन्सिलीचा आवाज आला. एकच छोटी रेघ आणि दोन-तीन अक्षरं. आणखी कुठला पक्षी त्या वेळी बोलत नव्हता. मी समोरच्या धुक्याकडे बघत राहिले. विचारता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी कागद माझ्यादेखत चार घड्या घालून डब्यात टाकला. एका रेघेनं सगळंच वाया जाणार होतं, आणि मॅडमनी ते त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

शेवटची मोजणी झाली त्या दुपारी काका व्हरांड्यात औषधाची बाटली आणि बूच घेऊन बसले.

"ये. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील. त्यांना सुई शिकवायची कुणी?"

"मी शिकवेन."

"तू वर असशील. शिकवणं माझ्याकडे. बस." त्यांनी बूच पाण्यात बुडवलं आणि काचेवरून ओढलं. "बरोबर?"

"जरा जाड येतेय."

त्यांनी बूच झटकलं, कमी दाबून ओढलं. "आता?"

"आता फार बारीक. काचेच्या मानेपाशी ओढा."

"इथं?"

"थोडं वर. हां. आता बरोबर."

"वाजली?"

"वाजली. तीच."

त्यांनी तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच दाबानं आणखी काही वेळा ओढून पाहिलं. दर खेपेला माझ्याकडे बघत होते. मी मान डोलवत होते. मग बाटलीच्या मानेवर जिथून बूच ओढायचं तिथे त्यांनी खुणेच्या दगडाच्या पिवळ्या रंगाचा एक ठिपका लावला आणि वाळायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी डबा उघडला. सगळे कागद लावून आकडे मांडायला संध्याकाळ झाली. भिंतीवर तक्ता आला तेव्हा काका जीपवाल्याच्या शेजारी बसले होते, टोपी मांडीवर.

वरची वाट, हंगामातल्या ग्राह्य मोजण्या. छत्तीसपैकी एकतीस जातींचे मागचे आकडे कायम ठेवले, पाच जातींचे गाळले. रानकबुतर: पहिला निरीक्षक ८७, दुसरा निरीक्षक ८१. सुतार: ३४ आणि ३४. कस्तूर: ५२ आणि ४९. डोमकावळा: २६ आणि २७. बुलबुल: ९८ आणि १०३. माशीमार: २३ आणि ४१.

सुई: पहिला निरीक्षक १, पाहून. दुसरा निरीक्षक ११२, ऐकून.